समुद्रपातळीचे अंदाज दर अहवालात का बदलत गेले?

प्रश्न माहीम येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा आहे. इमारतीच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने त्यांनी समुद्रपातळीविषयी बरेच वाचले. १९९० साली आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाने, २१०० पर्यंत ३० ते ११० सेंटीमीटर वाढ सांगितली होती. २००७ च्या अहवालात ती १८ ते ५९ सेंटीमीटर झाली आणि २०२१ च्या अहवालात पुन्हा एक मीटरच्या घरात गेली. दुसरीकडे मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या शतकभराच्या नोंदीतून निघणारी वाढ वर्षाला एक मिलीमीटरही भरत नाही, आणि तिसरीकडे २०१९ पासून फिरणाऱ्या नकाशांत २०५० सालची मुंबई निम्मी निळी दाखवलेली असते. या तिन्हींपैकी खरे काय मानायचे आणि शास्त्रज्ञांचे मत इतके डळमळीत का, असे त्यांनी विचारले आहे.

किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी घेणे आणि तपासणे हे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ केले. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत, मात्र त्या तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. मत डळमळले असे म्हणण्यापेक्षा हिशेबात काय धरले आणि काय बाहेर ठेवले हे दर टप्प्यावर बदलत गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. ते पटण्यासाठी हा हिशेब मुळात कसा सुरू झाला तिथपर्यंत मागे जावे लागेल.

या शास्त्राची सुरुवात समुद्र वर येतो आहे या शंकेतून झाली नाही. तो खाली जातो आहे अशी शंका प्रथम आली. स्वीडनच्या किनाऱ्यावर सील ज्या खडकांवर येऊन पहुडत, ते खडक मोलाची मालमत्ता मानले जात. पिढ्यांमागून पिढ्या ते पाण्याबाहेर इतके वर येत गेले की सीलना त्यांवर चढता येईना. तापमापकामुळे ज्यांचे नाव आपल्याला परिचित आहे त्या अँडर्स सेल्सियस यांनी अशा खडकांच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि १७३१ साली एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरवून घेतली. समुद्राचे पाणीच आटत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. निरीक्षण अचूक होते, अर्थ मात्र चुकला होता, कारण वर येत होती ती जमीन. हिमयुगातील बर्फाच्या प्रचंड ओझ्याखाली दबलेला स्कँडिनेव्हियाचा भूभाग बर्फ वितळल्यानंतर हळूहळू उसळी घेत आहे, आणि ती उसळी आजही संपलेली नाही. किनाऱ्यावर उभे राहून केलेले प्रत्येक मोजमाप हे पाणी आणि जमीन यांच्यातील फरकाचे मोजमाप असते. या फरकाला सापेक्ष समुद्रपातळी म्हणतात, आणि त्यातून जमिनीचा भाग वेगळा काढणे हे पुढच्या अडीचशे वर्षांतील संशोधनाचे अर्धे काम होते.

एकोणिसाव्या शतकात हिमयुगाची कल्पना मान्य होऊ लागताच चार्ल्स मॅक्लारेन यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी एक साधा पण दूरगामी विचार मांडला. इतके पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर साठले असेल, तर समुद्र तेवढाच खाली गेलेला असला पाहिजे. शतकाच्या अखेरीस एडुआर्ड झ्युस यांनी साऱ्या जगात एकाच वेळी होणाऱ्या अशा बदलासाठी स्वतंत्र संज्ञा रूढ केली. समुद्र नेमका किती खाली होता याचे भक्कम उत्तर मिळायला मात्र १९८९ साल उजाडले. त्या वर्षी रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसच्या समुद्रात खोदून काढलेल्या प्रवाळांच्या वयावरून दाखवले की हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपल्या किनाऱ्यापुरते हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एन. एच. हाशिमी, राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखानुसार पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होता आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीजवळ पोचला. बॉम्बे हाय येथे आज जेमतेम ७५ मीटर पाणी आहे. म्हणजे जिथे तेलविहिरी उभ्या आहेत ती जागा त्या काळी कोरडी जमीन होती, आणि समुद्र गाठायचा तर आजच्या मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला जावे लागले असते.

मुंबईच्या आपल्या भूमीतही याचा एक पुरावा सापडला होता, आणि तो फारसा कुणाला आठवत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली मुळांसह उभी असलेली झाडे मिळाली. त्यांत मुख्यतः खैर होता. खैर खाऱ्या चिखलात वाढत नाही. म्हणजे ती जागा एके काळी भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित उंचीवर होती. मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्याची जमीन खचली की समुद्र वर आला यावर तेव्हापासून चर्चा झाली आणि खचण्याकडे कल अधिक राहिला. स्वीडनचा खडक आणि मुंबईचा खैर एकच गोष्ट दोन उलट दिशांनी सांगतात.

त्याच दशकात भारतात भरती मोजण्याचे शिस्तबद्ध काम सुरू झाले. सर्वेक्षण विभागातील कॅप्टन ए. डब्ल्यू. बेअर्ड यांना कच्छच्या आखातात पाठवले गेले ते तिथली जमीन समुद्राच्या तुलनेत चढते की उतरते हे शोधण्यासाठी. १८१९ च्या भूकंपाने त्या प्रदेशाची उंचसखलता बदलली होती, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. त्यातूनच देशभरच्या बंदरांवर भरतीमापक बसवण्याची योजना उभी राहिली. अपोलो बंदरावरच्या सरासरी पातळीच्या नोंदी १८७८ पासून मिळतात आणि साऱ्या आशियात इतकी जुनी व सलग मालिका क्वचितच आहे.

त्या काळच्या भरतीमापकाची रचना अगदी साधी होती. समुद्राशी अरुंद छिद्राने जोडलेली एक उभी विहीर असे. त्या छिद्रामुळे लाटांची खळबळ आत पोचत नसे, पण भरती-ओहोटीची संथ चढउतार पोचे. आत तरंगणाऱ्या फ्लोटची तार चाकावरून पेनला जोडलेली असे, आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या ढोलावरच्या कागदावर ते पेन दिवसरात्र रेघ काढत राही. यंत्र साधे असले तरी त्याचा शून्यबिंदू जपणे कठीण. जवळच्या पक्क्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या कायमच्या खुणेशी, तो पुन्हा पुन्हा जुळवून पाहावा लागतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बंदराच्या वह्या तपासताना मासिक सरासरी अचानक सहा सेंटीमीटरने चढलेली दिसली. बरीच शोधाशोध केल्यावर कळले की धक्क्याची दुरुस्ती करताना मोजपट्टी काढून पुन्हा बसवली होती आणि बेंचमार्कशी ताळा घ्यायचे राहून गेले होते. सहा सेंटीमीटर म्हणजे त्या किनाऱ्यावरची पन्नास वर्षांची वाढ! दुरुस्तीची तारीख आणि फरक त्याच दिवशी दोन ओळींत लिहिला असता, तर सारे सावरले असते. तो न लिहिल्यामुळे त्या मालिकेतील कित्येक वर्षे आम्हाला बाजूला ठेवावी लागली. एका जागेचा आकडा पाहून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो.

जगभरच्या अशा नोंदी एका ठिकाणी, एकाच पद्धतीने ठेवण्याची सोय १९३३ साली लिव्हरपूल येथे झाली, आणि मगच जगाची मिळून वाढ किती हा प्रश्न विचारणे शक्य झाले. भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग यांनी १९४१ साली वर्षाला साधारण एक मिलीमीटर हे उत्तर दिले. पुढची चाळीस वर्षे उत्तरे त्याच आसपास फिरत राहिली, कारण अडचण तीच होती. बहुतेक जुनी यंत्रे युरोप आणि उत्तर अमेरिकेत, म्हणजे नेमकी हिमयुगाने हलवलेल्या जमिनीवर बसवलेली होती. १९७६ साली विल्यम फॅरेल आणि जेम्स क्लार्क यांनी बर्फ, समुद्र आणि लवचिक पृथ्वी यांचा एकत्रित गणिती विचार मांडला. त्यात एक गोष्ट ऐकताना प्रथम खोटीच वाटते. मोठा बर्फाचा साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ते पाणी दूर सरकते, त्यामुळे ग्रीनलंड वितळले तर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर समुद्र उतरेल आणि फार दूरच्या किनाऱ्यांवर तो सरासरीपेक्षा अधिक चढेल. समुद्र बादलीतल्या पाण्यासारखा सगळीकडे सारखा वाढतो, ही समजूत तेव्हाच मागे पडायला हवी होती, पण लोकांच्या बोलण्यात ती आजही टिकून आहे.

याच गणिताच्या आधाराने जमिनीची हालचाल वजा करून ब्रूस डग्लस यांनी १९९१ साली वर्षाला १.८ मिलीमीटर हा आकडा दिला आणि तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. आता अपोलो बंदराकडे या. तिथल्या कच्च्या नोंदीतून वर्षाला पाऊण मिलीमीटरच्या थोडी वर वाढ दिसते, आणि हाच आकडा सचिव महोदयांनी वाचला असणार. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी २००७ साली उत्तर हिंदी महासागरातील जुन्या नोंदींना हिमयुगोत्तर हालचालीची दुरुस्ती लावली. आपल्या किनाऱ्यावर या हालचालीचा परिणाम सापेक्ष पातळी किंचित खाली ओढण्याचा आहे, त्यामुळे ती दुरुस्ती केल्यावर वाढ अधिक निघते. त्यांच्या अभ्यासात वेगवेगळ्या ठिकाणांची वाढ वर्षाला १.०६ ते १.७५ मिलीमीटर आणि सरासरी १.२९ मिलीमीटर आली. हुगळीच्या मुखाजवळच्या डायमंड हार्बरची नोंद मात्र वर्षाला साडेपाच मिलीमीटरच्या आसपास वाढ दाखवते, कारण तिथे त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच खचते आहे. मुंबई आणि डायमंड हार्बर यांच्या आकड्यांत सातपट फरक आहे, पण त्यातील फार थोडा फरक समुद्राचा आहे.

मुंबईच्या आलेखात आणखी एक गोष्ट दडलेली होती. ही वाढ सरळ रेषेत नाही, काही दशके पातळी चढते आणि काही दशके ती थबकते किंवा उतरते. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ साली दाखवले की या दशकांच्या चढउताराची चाल मोसमी पावसाच्या चढउताराशी जुळते. पाऊस अधिक झाला की नद्यांचे गोडे पाणी किनाऱ्यालगत पसरते, खारटपणा घटतो आणि हलके झालेले पाणी थोडे उंच उभे राहते. आपल्या समुद्राच्या पातळीत आपला पाऊस वाचता येतो, हा माझ्या मते भारतीय समुद्रविज्ञानातील सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी एक आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की मुंबईच्या नोंदीतील वीस-तीस वर्षांचा सोयीचा तुकडा उचलून कुणालाही वाढ वेगवान आहे असेही दाखवता येईल आणि मुळीच नाही असेही. म्हणून लांब मालिकेला पर्याय नाही.

१० ऑगस्ट १९९२ रोजी टोपेक्स/पोसायडन हा उपग्रह अवकाशात गेला आणि जमिनीचा प्रश्न प्रथमच बाजूला ठेवता आला. सुमारे १३३६ किलोमीटर उंचीवरून रडारची लहर समुद्रावर सोडायची, ती परत यायला लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भात समुद्राची उंची काढायची, असे त्याचे काम होते. दर दहा दिवसांनी जवळजवळ सारा खुला समुद्र मोजून होई. पुढे जेसन मालिका आणि सेंटिनेल-६ यांनी ही साखळी अखंड ठेवली. २०१३ साली इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेने मिळून सोडलेल्या सरल उपग्रहाचाही या मोजमापात वाटा आहे. उपग्रहांची सुरुवातीची सरासरी वर्षाला तीन मिलीमीटरच्या थोडी वर आली, म्हणजे विसाव्या शतकाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट.

इथे किनाऱ्यावरच्या जुन्या यंत्रांनी बजावलेली कामगिरी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. उपग्रहाची पहिली सहा-सात वर्षांची मोजमापे किंचित सरकलेली आहेत, हे जगभरच्या भरतीमापकांशी ताडून पाहताना लक्षात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा तुलनेने सुरुवातीच्या वर्षांचा वेग कमी करावा लागला. वरवर पाहता वाढ कमी झाली, पण सुरुवात संथ निघाल्याने नंतरचा वेग उठून दिसू लागला. २०१८ साली स्टीव्हन नेरेम आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींतून दाखवले की वाढीचा वेगच दरवर्षी सुमारे ०.०८ मिलीमीटरने वाढतो आहे. ही संख्या इवलीशी वाटते, पण चक्रवाढ व्याज भरलेल्या माणसाला तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मोजमाप सुधारत होते तरी हिशेब जुळत नव्हता. ज्येष्ठ समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी २००२ साली ही अडचण स्पष्ट शब्दांत मांडली. समुद्र जितका वाढल्याचे नोंदी सांगतात, तितके पाणी कुठून आले हे सांगता येत नव्हते. पाणी तापून फुगते त्याचा वाटा आणि वितळलेल्या बर्फाचा वाटा मिळून एकूण वाढ भरत नव्हती. माझ्या दृष्टीने या शास्त्राचा खरा कस इथे लागला, कारण पुढची अठरा वर्षे ही तूट भरून काढण्यात गेली आणि त्यासाठी दोन नवी साधने लागली. पहिले साधन म्हणजे आर्गो. समुद्रात सोडलेले हे स्वयंचलित फ्लोट २,००० मीटर खोलीपर्यंत उतरून तापमान आणि खारटपणा मोजत वर येतात व उपग्रहाला कळवतात. २००७ पर्यंत असे ३,००० फ्लोट झाले. आपल्याकडील फ्लोटची व्यवस्था हैदराबादचे इन्कॉइस, म्हणजे समुद्रविषयक माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र, पाहते. दुसरे साधन म्हणजे २००२ साली सोडलेली ग्रेस ही उपग्रहांची जोडी, जिने गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे बर्फ अक्षरशः वजन करून दाखवले. सुमारे ३६० अब्ज टन पाणी समुद्रात आले की जगाची पातळी एक मिलीमीटर वाढते, हे सूत्र धरले की तो हिशेब कुणालाही करता येतो.

तुटीचे एक कारण अगदी आपल्या ओळखीचे निघाले, ते म्हणजे धरणे. २००८ साली बेंजामिन चाओ आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या जलाशयांत अडवलेले पाणी मोजले, तेव्हा त्याने अर्ध्या शतकात समुद्राची वाढ सुमारे ३ सेंटीमीटरने रोखून धरली होती असे दिसले. आपल्या कोयनेच्या जलाशयात १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे ३ घन किलोमीटर पाणी मावते. जगाच्या समुद्रावर पसरले तर ते मिलीमीटरचा शंभरावा भागही भरत नाही, पण अशी हजारो धरणे एकाच काळात उभी राहिली. १९७० च्या दशकात वाढ मंदावलेली दिसते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसऱ्या बाजूने एकूण वाढीचा जुना आकडाही तपासला गेला. कार्लिंग हेय आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १९०१ ते १९९० या काळाची सरासरी वर्षाला १.२ मिलीमीटरवर आणली, आणि २०२० साली थॉमस फ्रेडरिक्स व सहकाऱ्यांनी १९०० पासूनच्या सगळ्या बाजूंची बेरीज एकूण वाढीशी जुळते असे दाखवले. या १.२ शेजारी उन्नीकृष्णन-शंकर यांचा १.२९ ठेवून पाहा. १.८ च्या तुलनेत आपला किनारा मागे वाटत होता, पण प्रत्यक्षात जगाचा आकडाच चढा धरला गेला होता. दोन्ही अभ्यासांचा काळ आणि पद्धत वेगळी असल्याने या जुळण्याला फार मोठा पुरावा म्हणू नये, पण मुंबईची नोंद जगाशी विसंगत आहे ही तक्रार त्यामुळे उरत नाही.

शिवाय मुंबईचा तो आकडा शतकाची सरासरी आहे, आजचा वेग नव्हे. २०२० साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या राष्ट्रीय मूल्यांकनानुसार उत्तर हिंदी महासागरातील वाढ १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलीमीटर होती. त्याच संस्थेतील पी. स्वप्ना आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की उन्हाळी मोसमी वारे दुबळे झाल्याने दक्षिणेकडे वाहून जाणारी उष्णता आपल्या समुद्रात अधिक राहते आणि पातळी वाढायला मदत होते. जगाची सरासरी तर २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलीमीटरपर्यंत गेली होती.

आता भविष्याच्या आकड्यांकडे वळू, कारण सचिवांची मुख्य तक्रार त्यांच्याबद्दल आहे. तापून फुगणारे पाणी आणि डोंगरांवरील हिमनद्या यांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. अडचण बर्फाच्या दोन महासाठ्यांची आहे. ग्रीनलंडमध्ये समुद्र सात मीटरहून अधिक वाढवू शकेल इतके बर्फ आहे, अंटार्क्टिकात सुमारे ५८ मीटर. यांपैकी पश्चिम अंटार्क्टिकाचे बर्फ समुद्रसपाटीखालच्या खडकावर टेकलेले आहे आणि ते खडक आतल्या बाजूला अधिकच खोल होत जातात. जॉन मर्सर यांनी १९७८ साली इशारा दिला होता की तापमान वाढत राहिले तर हा साठा कोसळू शकतो आणि त्याची पहिली खूण अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतचे तरंगते हिमथर उत्तरेकडून दक्षिणेकडे फुटत जाण्यात दिसेल. त्यांना त्या वेळी अतिशयोक्त ठरवणारे पुष्कळ होते.

१९९५ साली लार्सन अ हा हिमथर फुटला. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या दक्षिणेचा लार्सन ब, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा, काही आठवड्यांत विखुरला. मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्राच्या सातपट हा विस्तार होतो. तरंगते बर्फ फुटल्याने समुद्र फारसा वाढत नाही, पण त्या बर्फाने बुचासारख्या अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या काही महिन्यांतच अनेक पटींनी वेगाने वाहू लागल्या. त्या काळच्या गणिती प्रारूपांत हे घडणे बसतच नव्हते.

२००७ च्या अहवालापुढे म्हणून दोन मार्ग होते. ज्याचे गणित येत नाही त्याचा अंदाजाने आकडा द्यायचा किंवा ते वगळून तसे सांगायचे. मंडळाने दुसरा मार्ग निवडला. १८ ते ५९ सेंटीमीटर या आकड्यात बर्फाच्या वेगवान प्रवाहातील भावी बदल धरलेले नाहीत, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. दुर्दैवाने आकडा सर्वत्र पोचला आणि ते वाक्य मागे राहिले. माझ्या मते ते वाक्य आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापायला हवे होते. समुद्र कमी वाढणार असे शास्त्रज्ञांना वाटू लागले, हा गैरसमज तिथून पसरला आणि किनारी शहरांच्या नियोजनाची काही मोलाची वर्षे त्यात गेली. २०१३ च्या अहवालाने बर्फाचा प्रवाह हिशेबात घेतला आणि २१०० साठीची वरची मर्यादा ९८ सेंटीमीटरवर गेली. पुढच्याच वर्षी पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स आणि तिच्या शेजारच्या हिमनद्यांची पीछेहाट थांबवणारा अडथळा मागे दिसत नाही, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

२०१६ साली रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी उंच हिमकडे स्वतःच्या वजनाने कोसळत जाण्याची शक्यता गणितात धरली. उत्सर्जन अनिर्बंध राहिले तर एकट्या अंटार्क्टिकातून २१०० पर्यंत एक मीटरहून अधिक भर पडू शकेल, असे त्यातून निघाले. २०१९ साली इतरांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि भूतकाळातील समुद्रपातळी समजावण्यासाठी कडे कोसळण्याची ही कल्पना अपरिहार्य नाही असे सांगितले. हा वाद अजून मिटलेला नाही. २०२१ च्या अहवालाने तो दडवला नाही. उत्सर्जन फार कमी राहिले तर २१०० पर्यंत २८ ते ५५ सेंटीमीटर, फार अधिक राहिले तर ६३ ते १०१ सेंटीमीटर, आणि त्याशिवाय, संभाव्यता कमी पण नाकारता न येणारी, अशी दोन मीटरच्या जवळ जाणारी वाढ वेगळी नोंदवली. १९९० चा ३० ते ११० चा पट्टा याच्या शेजारी ठेवला तर दोन्ही फार दूर नाहीत. मधल्या काळात बदलले ते त्या पट्ट्यामागचे ज्ञान. १९९० साली तो मुख्यतः अनुमान होता, आज त्यातील प्रत्येक सेंटीमीटर कुणाच्या नावे मांडला आहे हे सांगता येते.

२०१९ चे नकाशे हा वेगळाच प्रकार आहे. स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांचा तो अभ्यास मुळात समुद्राबद्दल नव्हता, जमिनीच्या उंचीबद्दल होता. २००० साली अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीत दाट वस्तीच्या भागांत घरांची छपरे आणि झाडांचे शेंडे जमीन म्हणून धरले जातात. त्यांनी ती चूक कमी केली, तेव्हा पूर्वी समजली गेली त्याहून पुष्कळ जमीन सखल निघाली. निळ्या रंगाचा अर्थ इतकाच की ती जागा भविष्यातील वार्षिक पुराच्या पातळीहून खाली आहे. बंधारे, भिंती, भराव, पंप यांचा विचार त्यात नाही. म्हणून ती जागा २०५० साली कायमची पाण्याखाली असेल असा अर्थ घेऊ नये, आणि नकाशा खोटा म्हणून फेकूनही देऊ नये.

माहीमच्या इमारतीला यातून काय घ्यायचे ते आता सांगता येईल. २०५० पर्यंत जगाची सरासरी १९९५-२०१४ च्या तुलनेत साधारण १५ ते ३० सेंटीमीटर वाढेल, आणि उत्सर्जन कसेही राहिले तरी तोपर्यंतच्या आकड्यात फार फरक पडत नाही. वर्तमानपत्रांत पावसाळ्यात ‘४.८ मीटरच्या लाटा’ अशी बातमी येते. ती उंची लाटेची नसते, भरतीच्या पातळीची असते, आणि तीही चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांसाठी ओहोटीच्या नीचांकाजवळ धरलेल्या शून्यापासून, मोजलेली. मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्या शून्यापासून सुमारे अडीच मीटर वर आहे. समुद्र २० सेंटीमीटर वाढला की आज ४.९ मीटरच्या उधाणाला जी पातळी गाठली जाते ती ४.७ मीटरच्या उधाणालाच गाठली जाईल, आणि ४.७ ची उधाणे वर्षात पुष्कळ अधिक वेळा येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती आणि पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडे समुद्राने दाबून धरली होती. त्या तोंडांनी पाणी बाहेर जाण्याचे तास दर सेंटीमीटरबरोबर कमी होत जातात. मुंबईपुरते हे नुकसान जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

आपल्या वास्तुविशारदाकडून तळमजल्याची, पंपघराची आणि विजेच्या मीटरखोलीची पातळी लेखी मागून घ्या. महापालिकेच्या नकाशांत ती बहुधा टाऊन हॉल डेटमपासून, म्हणजे समुद्रपातळीच्या बऱ्याच खाली धरलेल्या शहराच्या जुन्या शून्यापासून, दिलेली असते, त्यामुळे समुद्रालगतच्या भूखंडावरही पंचवीस-तीस मीटरचे आकडे दिसतात आणि वाचणारा निर्धास्त होतो. तो आकडा चार्ट डेटममध्ये बदलून घेतल्याशिवाय भरतीच्या तक्त्याशी त्याची तुलना करू नका. रूपांतर केल्यावर तुमच्या जागेजवळच्या पर्जन्यजलवाहिनीच्या तोंडाची पातळीही त्याच मापात विचारा, आणि ते दोन आकडे मला कळवा. त्यापुढची बेरीज आपण एकत्र करू.